एका पिवळ्या मोटारीचे दोन जन्म



गाव कोणतेही असो, वहीच्या शेवटच्या पानावर मोटारीचे चित्र काढणारा एक तरी विद्यार्थी वर्गात असतोच. त्याच्या मोटारीला आरसे नसतात, आत माणूस शिरणार कसा याचा विचार नसतो. असतो तो फक्त वेग. इटलीतील तुरीन शहरात मोठ्या माणसांनी याच छंदाचा व्यवसाय केला. तेथील कारखाने प्रदर्शनापुरती एखादीच मोटार घडवीत. ती विकायची नसे. उद्याची मोटार कशी असू शकेल, एवढेच तिने दाखवायचे. अशा गाडीला कन्सेप्ट कार म्हणतात. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचे दर्दी जगभर आहेत, परंतु या एकुलत्या एका गाड्यांवर जीव टाकणाऱ्यांची जात निराळी. ज्या वस्तूवर त्यांचे प्रेम, ती वस्तू पुष्कळदा अस्तित्वातच उरलेली नसते.

11 मार्च 1971 रोजी जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात बेर्तोने या कारखान्याच्या दालनात एक पिवळीधमक गाडी उभी होती. उंची एक मीटरहून जेमतेम अधिक. पुढच्या टोकापासून काचेवरून छतापर्यंत जवळजवळ एकच चढती रेषा. दारे बाजूला न उघडता कात्रीच्या पात्यांसारखी वर उचलली जात. नाव लॅम्बोर्गिनी कुन्ताश एलपी 500. त्यातील एलपी ही अक्षरे इंजिन मागे आणि लांबीच्या दिशेने बसवले आहे, असे सांगतात. 500 हा आकडा पाच लिटरच्या इंजिनाचा. बारा सिलिंडरांचे ते धूड इतक्या बुटक्या गाडीत बसवण्यासाठी अभियंते पाओलो स्तान्झानी यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन आसनांच्या मधोमध आणला आणि तेथून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा इंजिनाच्या पोटातून नेला. प्रेक्षक पिवळ्या रंगावर भाळले. जाणकार या दांड्यावर.

रूप रेखाटले होते मार्चेल्लो गांदिनी यांनी. जन्म 1938 चा, तुरीनचाच. वडील वाद्यवृंदाचे संचालक. शाळेत असताना लॅटिनच्या अनुवादासाठी मिळालेल्या पैशांतून आपण दान्ते जाकोसा यांचे इंजिनांवरील पुस्तक विकत घेतले, अशी आठवण त्यांनी उतारवयात सांगितली. (येथे पालकांनी चिंता करू नये, सर्वच मुलांच्या बाबतीत असे घडत नाही.) जानेवारी 2024 मध्ये तुरीनच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली आणि दोनच महिन्यांनी ते गेले. देखण्या 'मिउरा'चे रूप त्यांचे, तसेच सित्रोएन बीएक्ससारख्या साध्या घरगुती गाडीचेही.

मोटारीच्या नावाची हकिकत विशेष ऐकण्यासारखी आहे. लॅम्बोर्गिनीच्या अनेक गाड्यांची नावे बैलझुंजीच्या जगातून आलेली. हे नाव मात्र तसे नाही. ते प्रमाण इटालियनही नाही. गाडीचे काम रात्री चालत असे आणि त्यात कुलपे बसवणारा एक कारागीर होता. तो जवळजवळ केवळ पिएमोंती, म्हणजे तुरीन परिसरातील बोली, बोलत असे आणि आश्चर्य वाटले की 'कुन्ताच!' असे उद्गारे. गांदिनींच्या सांगण्यानुसार हाच उद्गार त्यांनी गाडीला सुचवला. मूळ अर्थ पाहू गेल्यास तो रोगाच्या साथीशी जाऊन भिडतो. परंतु मराठी बायकांच्या तोंडच्या कौतुकाच्या 'मेल्या'त जसे मरण उरलेले नाही, तशी या शब्दातही साथ उरलेली नाही. जगाने त्याचा उच्चार आपापल्या परीने बिघडवला. तरीही त्या बोलीचा एक शब्द धातूच्या अक्षरांत जगातल्या अत्यंत महागड्या मोटारींच्या पाठीवर बसला.

प्रदर्शन संपले आणि गाडी रस्त्यावर आली. बॉब वॉलेस या न्यूझीलंडच्या चाचणीचालकाने ती पळवली, तेव्हा चित्रातली अडचण उघडी पडली. इंजिन तापे, त्या निर्मळ रेषांमधून पुरेशी हवा आत जातच नव्हती. निरुपायाने तिच्या कुशीत हवेसाठी मोठी तोंडे पाडावी लागली. आज ज्या कुन्ताशचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर येते, तिची ती खूण म्हणजे खरे तर एक तडजोड होय. पाच लिटरचे इंजिनही मागे पडले. 1974 पासून विकल्या गेलेल्या एलपी 400 मध्ये चार लिटरांहून थोडे लहान इंजिन आणि नळ्यांचा नवा सांगाडा आला. मागचे दिसावे म्हणून छतात खाच ठेवली, तरी गाडी मागे घेताना चालक दार वर करून उंबऱ्यावर बसे आणि मान वळवून पाही. सोयीच्या दृष्टीने ही गाडी वाईटच. तिच्या चाहत्यांनीही हे नाकारू नये.

विक्रीपूर्वी मान्यता मिळवण्यासाठी टक्कर-चाचणी आवश्यक होती. 1974 च्या प्रारंभी जिनिव्हाची तीच पिवळी गाडी इंग्लंडला पाठवण्यात आली आणि तेथील चाचणीकेंद्रात ती आदळवून चेपण्यात आली. पुढे उरलेसुरले भंगारात गेले. गणपतीची मूर्ती विसर्जनासाठीच घडवलेली असते. ही तशी घडवलेली नव्हती. परंतु लहानशा कंपनीच्या हिशेबात ते एक जुने वाहन होते, आणि त्या क्षणी हिशेब चुकीचाही नव्हता. तिच्या बलिदानातून पुढे 1990 पर्यंत सुमारे दोन हजार कुन्ताश रस्त्यावर आल्या.

सगळ्यांच्याच नशिबी असे आले नाही. गांदिनींचीच 1970 ची 'स्त्रातोस झीरो', जेमतेम 84 सेंटीमीटर उंच आणि समोरची काच उचलून आत शिरावे लागणारी, वाचली. मात्र बेर्तोने कारखाना अडचणीत आल्यावर 2011 मध्ये तिचा लिलाव झाला आणि साडेसात लाख युरोंहून अधिक किंमत येऊन ती परक्या हाती गेली. काही गाड्या वेगळ्याच देहात जगल्या. इटालडिझाइनने 1993 मध्ये फियातपुढे मांडलेली 'लुच्चोला' फियातने स्वीकारली नाही. तिच्याच कल्पनेतून देवूची 'मातिझ' आली आणि भारतातल्या गल्ल्यांतून मुलांना शाळेत पोहोचवू लागली.

पिवळ्या गाडीचा दुसरा जन्म मात्र हट्टाचा. 2017 च्या अखेरीस एका संग्राहकाने लॅम्बोर्गिनीकडे विचारणा केली : ती गाडी पुन्हा घडवता येईल काय? जुने भाग, सांगाडा, काहीच हाती नव्हते. होती ती छायाचित्रे, बैठकींची टिपणे, रेखाटने. त्यांवरून आधी पूर्णाकृती नमुना केला गेला. पुढे जुन्या पद्धतीने हाताने पत्रा ठोकून अंग घडवले. 25 हजारांहून अधिक तास लागले. पिरेलीने आपल्या दप्तरातील चित्रे काढून त्या काळच्या नक्षीचे टायर नव्याने ओतले; रंगाच्या कंपनीने जुन्या नोंदी धुंडाळून तोच पिवळा पुन्हा मिसळला. ऑक्टोबर 2021 मध्ये कोमो सरोवराकाठी ती गाडी लोकांसमोर उभी राहिली.

ही तीच गाडी आहे काय, यावर दर्दी मंडळी आजही भांडतात. तीच नव्हे, हे उघड आहे. 1971 च्या पत्र्याचा एक तुकडाही तिच्यात नाही. मात्र या नव्या गाडीच्या कुशीत हवेची ती मोठी तोंडे नाहीत. जिनिव्हात पहिल्या दिवशी दिसली, तशीच ती घडवली आहे : अजून न तापलेली, अजून न धावलेली. मागच्या बाजूला त्या कुलूपवाल्याचा शब्द आहेच.