श्रद्धेचा मान आणि श्रद्धेचें ऋण



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवशीं आपण परमेश्वराचे उपकार मानण्यास जमलों आहों. अशा आनंदाच्या वेळीं एका प्रश्नाचा विचार करणें आम्हांस उचित वाटतें. जी श्रद्धा आपणांस न मागतां, आईच्या मांडीवर मिळाली, ती कशाकरितां मिळाली?

आपल्या वसईचा इतिहास याचें अर्धें उत्तर देतो. १५३४ सालीं हा प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेला. त्यांच्या छत्राखालीं ख्रिस्ती असणें मानाचें व लाभाचेंही होतें. आणि त्याच सत्तेनें इतरांच्या देवालयांस उपद्रव दिला, हें सत्यही आपण झांकूं नये. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला. राज्याश्रय संपला, पुष्कळ धर्मगुरू निघून गेले, किल्ल्यांतील मंदिरें कालांतरानें ओसाड झालीं. तरी शेतांत व वाड्यांत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं जपमाळ खालीं ठेविली नाहीं. लाभ सरल्यावर जी उरते, तीच निष्ठा होय.

परंतु निष्ठा म्हणजे केवळ टिकून राहणें एवढेंच काय? वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र पाहा. व्यापारांत त्यांचा चांगला जम बसला होता. तो सोडून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधू झाले, आणि १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेले. क्योतो नगरांत त्या संघानें कुष्ठरोग्यांकरितां रुग्णालयें उघडलीं. पुढें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आलें; १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. आपण त्यांच्या क्रूसास वंदन करितों; त्या क्रूसाकडे जाणारी वाट रोग्यांच्या खाटांमधून गेली, हेंही ध्यानांत ठेवूं.

आमोस संदेष्ट्यानें इस्राएल लोकांस हेंच बजाविलें होतें. आपण देवाचे निवडलेले, म्हणून आपणांस भय नाहीं, असें ते समजत. संदेष्ट्यानें सांगितलें कीं, निवडलेले आहां म्हणूनच जाब तुम्हांस. कारण तुम्हीं जोड्याच्या मोलानें दीनांस विकलें. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही स्पष्ट केलें कीं, ख्रिस्तसभेंतील आपलें स्थान स्वतःच्या पुण्याईनें नव्हे, तर ख्रिस्ताच्या कृपेनें लाभलें आहे. त्या कृपेस विचार, शब्द व कृति यांनीं उत्तर न दिल्यास आपला न्याय अधिक कठोर होईल.

तेव्हां बाप्तिस्म्याच्या नोंदवहींतील आपलें नांव हें मानपत्र समजूं नये. तें ऋणपत्र आहे. त्याची फेड कोठें करावयाची? वाडींत राबणाऱ्या आदिवासी मजुरास सायंकाळीं पुरी मजुरी हातांत देतांना. परधर्मी कुटुंब भाड्याची खोली मागावयास येतें, तेव्हां. वडिलार्जित जमिनीच्या वांटणींत बहिणीचा हिस्सा काढतांना. ही फेड ज्या घरीं होत नाहीं, तेथें वेदीपुढें मेणबत्त्या कितीही लाविल्या तरी निष्ठा अपुरीच.

पूर्वजांनीं श्रद्धा आपणांकरितां राखून ठेविली. आपण ती पुढील पिढीच्या हातीं देऊं, तेव्हां ती शेजाऱ्याच्या उपयोगीं पडलेली असावी. परमेश्वर त्यासाठीं आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.