एचसीआय घेताना विक्रेत्याची पारख



संतसाहित्य आणि शिवकाल यांच्या शेजारी 'सर्व्हर' हा विषय ठेवण्याचं धाडस संयोजकांनी केलं, त्याबद्दल आभार. समोर कारखानदार बरेच दिसतात, तेव्हा प्रस्तावना आखडती घेतो. तुमच्यापैकी काहींच्या टेबलावर सध्या एक कोटेशन पडलेलं असेल. त्यात 'हायपरकन्व्हर्ज्ड', म्हणजेच एचसीआय, असा शब्द आहे, तीन नोड आहेत आणि तळाशी असा एक आकडा आहे, जो तुम्ही घरी सांगितलेला नाही.

वस्तू काय आहे ते आधी पाहू. पूर्वी सर्व्हर एका कंपनीचा, स्टोरेजची पेटी दुसरीची आणि मधला स्विच तिसरीचा असे. ईआरपी बंद पडलं की सर्व्हरवाला स्टोरेजकडे बोट दाखवी, स्टोरेजवाला स्विचकडे. मालक मधे उभा. एचसीआयनं पेटी काढून टाकली. प्रत्येक सर्व्हरच्या, म्हणजे नोडच्या, पोटातल्या डिस्क नेटवर्कवरून जोडून सॉफ्टवेअर त्यांचा एकच साठा करतं आणि त्याच सर्व्हरवर तुमची व्हर्च्युअल मशीनही, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभी केलेली यंत्रं, चालतात. हा माल विकणाऱ्या न्यूटॅनिक्स आणि सिम्प्लिव्हिटी या दोन्ही कंपन्या 2009 सालच्या. न्यूटॅनिक्सच्या संस्थापकांपैकी मोहित अरॉन यांनी आधी गूगलच्या फाइल सिस्टिमवर काम केलं होतं. साध्या यंत्रांच्या डिस्क जोडून मोठा साठा उभारायचा हा विचार तिथलाच. व्हीएमवेअरचं याच धर्तीचं व्हीसॅन 2014 मध्ये आलं. एकत्र कुटुंबासारखी ही रचना आहे: स्वयंपाक एक, कोठार एक, भांडणं कमी. पण वाटण्या करायची वेळ आली की कळतं, सातबारा कुणाच्या नावावर आहे.

आणि वाटण्यांची वेळ येते. सर्व्हर आपण पाच-सात वर्षं वापरतो. तेवढ्या काळात या धंद्यात काय काय झालं पाहा. सिम्प्लिव्हिटी 2017 मध्ये एचपीईनं घेतली. सिस्कोनं त्याच वर्षी स्प्रिंगपाथ विकत घेतली, हायपरफ्लेक्स नावानं माल विकला आणि 2023 मध्ये तो बंद करत असल्याचं सांगून ग्राहकांना न्यूटॅनिक्सचा रस्ता दाखवला. मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर स्टॅक एचसीआय 2024 मध्ये 'अझ्युअर लोकल' झालं. छोट्या धंद्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या स्टारविंड आणि स्केल कम्प्युटिंग या दोन कंपन्या 2025 मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेल्या. यातलं उत्पादन वाईट होतं म्हणून असं झालं, असं नाही. पण डेमोच्या दिवशी खुर्चीत बसलेला माणूस पाच वर्षांनी त्याच कंपनीत असेल, किंवा ती कंपनी तरी असेल, हे गृहीत धरू नका.

सगळ्यात मोठा धक्का व्हीएमवेअरचा. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये ती कंपनी घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता फक्त वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन. 'इसेन्शियल्स प्लस' नावाचा एक संच होता: तीन सर्व्हर, प्रत्येकी दोन प्रोसेसर. आपल्याकडच्या मध्यम कारखान्याचं माप घेऊनच जणू शिवलेला. तोही पुढे बंद झाला. नव्या पद्धतीत कोअर मोजले जातात आणि एका प्रोसेसरचे किमान सोळा धरले जातात. समजा तुमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात आठ कोअरचे दोन प्रोसेसर. प्रत्यक्षात कोअर 48, बिल 96 चं. यंत्र तेच, खोली तीच, काम तेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की छोट्या धंद्यानं विक्रेता पारखायचा तो त्याच्या यंत्रावरून नव्हे, त्याच्या करारावरून. आजची चांगली यंत्रं एकमेकांच्या बरीच जवळ आली आहेत. करार आलेले नाहीत.

तरी कोटेशनमधल्या दोन हिशेबांशी थांबायलाच हवं, कारण तिथे भलेभले फसतात. पहिला साठ्याचा. कोटेशनवर लिहिलेलं असतं 60 टीबी. तीन नोड, प्रत्येकी 20. प्रत्येक माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या नोडवर ठेवायची, म्हणून उरले 30. आता एक नोड बसला तर दोन्ही प्रती पुन्हा तयार करायला जागा उरलेल्या दोघांवर हवी. दोन नोडचे 40, त्यांचे निम्मे 20. म्हणजे निर्धास्तपणे वापरण्याजोगी जागा 20 टीबी, तीही काठोकाठ भरायची नाही. विक्रेता म्हणेल, आमचं कॉम्प्रेशन दुप्पट जागा देतं. कॅडच्या फायली, सीसीटीव्हीचं चित्रण आणि आधीच झिप केलेले बॅकअप फारसे आकसत नाहीत. आकडा त्याच्या माहितीपत्रकातला नको, तुमच्या डेटावर काढून मागा. मेमरीचंही तसंच. साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर स्वतः मेमरी खातं. न्यूटॅनिक्समध्ये त्यासाठी प्रत्येक नोडवर एक वेगळं व्हर्च्युअल मशीन चालतं आणि त्याला काही डझन जीबी द्यावे लागतात.

दुसरा हिशेब विंडोजचा, जो एचसीआयवाला बहुधा काढतच नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये एका सर्व्हरचे सगळे कोअर भरून लायसन्स घेतलं की त्यावर दोन विंडोज मशीन चालवता येतात. सहा मशीन, तीन नोड, प्रत्येकावर दोन. कागदावर लायसन्सचे तीन संच पुरे. पण एक नोड बंद झाला की उरलेल्या दोघांवर तीन-तीन येणार. मशीन मोकळेपणी इकडून तिकडे हलवायची, तर प्रत्येक नोडला दोन संच. तिनाचे सहा झाले. ही सोय मिळावी म्हणूनच तर आपण तीन नोड घेतले ना?

डेमोबद्दल. विक्रेत्याच्या गार खोलीतला डेमो पाहून यायला हरकत नाही, चहा चांगला असतो. खरी चाचणी तुमच्याच खोलीत, तुमच्या यूपीएसवर, महिनाअखेरीच्या बिलिंगच्या लोडवर घ्या. डिस्क ओढा. मग अख्ख्या नोडची वीज काढा. मग एक स्विच बंद करा. डेटाची पुनर्बांधणी चालू असताना अकाउंट्समधल्या मुलीला एक रिपोर्ट काढायला सांगा आणि तिचा चेहरा पाहा. तो बेंचमार्क मला जास्त भरवशाचा वाटतो. दोनच नोडचा संच घेत असाल, तर दोघांचा एकमेकांशी संपर्क तुटल्यावर काम कुणी चालू ठेवायचं हे ठरवणारा तिसरा साक्षीदार लागतो. तो कुठे बसणार ते विचारा. त्याच नोडांच्या क्लस्टरमध्ये तो बसवला, तर त्याचा काही उपयोग नाही.

'चार तासांत सपोर्ट' याचा अर्थ अनेक करारांत चार तासांत फोन, एवढाच असतो. सुटा भाग कुठल्या डेपोत आहे, पुण्यात, मुंबईत की बंगळुरूत? आणि ज्याचा नोड खरोखर बसला होता, असा एक ग्राहक बोलायला मागा. ज्याचं सगळं सुरळीत आहे, तो काय सांगणार?

बॅकअपबद्दल मोजकंच. क्लस्टरमधली दुसरी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरनं पहिली प्रत बिघडवली की दुसरी इमानेइतबारे तशीच बिघडते. कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे हिशेबाच्या नोंदींचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानं सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते. यातलं काहीही नोडबरोबर आपोआप येत नाही.

आता विक्रेत्यांना न आवडणारी गोष्ट. पाच-सहा व्हर्च्युअल मशीन असतील आणि तासाभराचा खोळंबा सोसत असेल, तर एचसीआय घेऊच नका. दोन साधे सर्व्हर, विंडोजमध्ये 2012 पासून असलेलं हायपर-व्ही रेप्लिका आणि वेगळ्या जागी बॅकअप, भागतं. व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स आणि डिस्कचा साठा जोडणारं सेफ ही जोडीही चांगली आहे, सॉफ्टवेअर फुकट, सपोर्टचे पैसे प्रोसेसरमागे. मात्र सेफला किमान तीन नोड आणि एक जाणकार माणूस लागतो. आपल्या गावात तो माणूस तयार होतो, आणि मग त्याला पुण्याहून फोन येतो.

तरीही एचसीआयच घ्यायचं ठरलं, तर सहीपूर्वी चार गोष्टी कागदावर आणा. चौथ्या आणि पाचव्या वर्षीच्या रिन्युअलची कमाल वाढ, आणि दर डॉलरमध्ये की रुपयांत. वर्गणी थांबली तर काय चालू राहील, काय नाही. उदाहरणार्थ, अझ्युअर लोकल तीस दिवस मायक्रोसॉफ्टशी बोललं नाही, तर जुनी मशीन चालतात, पण नवी तयार करता येत नाहीत. त्याच हार्डवेअरवर उद्या दुसरं सॉफ्टवेअर चढवता येईल का. आणि डेटा बाहेर काढायला किती दिवस, कुणाच्या खर्चानं. हे लेखी न देणाऱ्याला नमस्कार करा. मार्चअखेरची सवलत निघून जाईल म्हणून तो घाई करेल. तशीच सवलत जूनअखेरीलाही बहुधा मिळते.