ट्रेकसाठी हुडी घेताय? ओली झाल्यावर ती काय करते, ते आधी बघा

पावसाळा तोंडावर आला की मला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, ट्रेकला कुठली हुडी घेऊ? सिंथेटिक नको, नैसर्गिक धाग्याचीच हवी." उत्तर देते, पण आधी माझ्याच चुकीची एक गोष्ट सांगते.

ऑगस्ट महिना. मी आणि माझा धाकटा भाऊ कळसूबाईला निघालो. त्याचा पहिलाच ट्रेक. निघताना मी माझी लाडकी हुडी त्याच्या अंगावर चढवली. जाड, मऊ, शंभर टक्के कॉटन. वरून पातळ पोंचो. बारी गावातून चढायला लागलो आणि पठ्ठ्या घामाघूम! म्हणजे हुडी आतून घामानं ओली, बाहेरून पोंचोच्या फटीतून शिरणाऱ्या पावसानं ओली. चालत होतो तोवर काही कळलं नाही. वरच्या शिडीपाशी मात्र गर्दी होती, अर्धा तास थांबावं लागलं. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पावसाळ्यात तिथला वारा कसा असतो, ते गेलेल्यांना माहितीये.

एरवी अखंड बडबड करणारा माझा भाऊ गप्प झाला. कुडकुडत होता. "बिस्किटं काढ" म्हटलं तर सॅकची चेन त्याला धरता येईना. काहीतरी बोलला, पण शब्द जड येत होते. मला वाटलं, दमलाय.

जवळच चहा-भजीची झोपडी होती. तिथल्या काकांनी एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "पोरी, त्याचं ओलं काढ आधी!" हुडी काढली, पिळली, तर पाण्याची धार लागली. माझ्या सॅकमधला कोरडा टी-शर्ट त्याला घातला. काकांनी स्वतःची घोंगडी दिली, तिचं टोक दुमडून त्याच्या डोक्यावर खोळ केली. मग गरम गोड चहा, घोट घोट. बऱ्याच वेळानं त्या खोळीतून आवाज आला, "ताई, भजी सांग ना." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. शिखर राहू दिलं, खाली उतरलो.

आता नीट समजून घेऊ. कॉटनचा धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो. कापडात अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. कॉटन भिजलं की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं ओढून नेतं. लोकरीचा धागा मुळातच कुरळा. त्या वळणांमध्ये हवा अडकून राहते, ओलं झाल्यावरही बरीचशी टिकते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा आत शोषून घेते, तरी हाताला चिंब लागत नाही. आपले मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभे राहतात, ते उगाच नाही. आपली अस्सल हुडी तीच!

पण घोंगडी पाठीवर घेऊन शिडी चढणार का? नाही. ती जड असते, टोचते, वाळायला वेळ लागतो. तिथे मेरिनो लोकर कामाला येते. तिचा धागा बारीक, म्हणून अंगाला टोचत नाही.

घेताना काय बघायचं?

एक, लेबल. दुकानात 'वूलन' म्हणून मिळतं ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. लोकर किती टक्के, ते वाचा. शंका असेल तर शिवणीतला एक सुटा धागा घरी चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर प्लॅस्टिकचा भाऊ.

दोन, जाडी. ती जीएसएममध्ये लिहिलेली असते. सह्याद्रीत चालताना १५० ते २०० पुरे. त्याहून जाड थंडीतल्या मुक्कामाला.

तीन, टोपी. ती डोक्याला बेताची बसायला हवी, म्हणजे वरून रेनकोटची टोपी चढते. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. कातळावर बाजूचं दिसलं नाही, तर ती टोपी काय कामाची? गळ्याला छोटी चेन असेल तर चढताना उघडता येते. पोटावरचा मोठा खिसा मात्र नको, सॅकच्या पट्ट्याखाली गोळा होतो.

आणि एक लक्षात ठेवा, लोकर म्हणजे रेनकोट नव्हे. पावसावाऱ्याला वरून काहीतरी हवंच.

मेरिनो महाग असते, मान्य आहे. बजेट नसेल तर आजीनं विणलेला लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये टाका. फोटोत बरं दिसणार नाही, पण काम चोख. आणि कॉटन टाकून देऊ नका हं! एप्रिल-मेच्या उन्हात सैल, फिक्या रंगाचं कॉटन सुखाचंच. तिथे घाम सावकाश वाळणं फायद्याचं असतं.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. सोबतचा माणूस कुडकुडतोय, हात नीट चालत नाहीत, बोलणं अडखळतंय, तर त्याला 'दमलाय' म्हणू नका. आडोशाला न्या, ओलं काढा, कोरडं घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड द्या. दारू अजिबात नाही. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त होत चालला, तर तो बरा होत नाहीये. लगेच मदत बोलवा.

भाऊ आता माझ्याहून जास्त ट्रेक करतो. ती कॉटनची हुडी त्याच्याचकडे आहे. घरी, सोफ्यावर लोळताना घालतो.

चला, भेटू पुढच्या भागात. कोरडे राहा!