एवढ्या आभाळात आपण एकटेच का?
(शतकमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



आम्हाला दिंडीविषयी बोलायला उभं केलंय. पण दोन वर्षांमागं एका मुक्कामी झालेली चूक मनाला बोचते आहे, ती आधी सांगतो.

हरिपाठ झाला होता, पंगत उठली होती. आषाढ असूनही ढग फाकले होते. एका विणेकऱ्यांचा कॉलेजात शिकणारा नातू वर बघून म्हणाला, "बाबा, एवढं मोठं विश्व, त्यात आपली पृथ्वी धुळीच्या कणाएवढीसुद्धा न्हाई. मग आपण चाललो काय अन् बसलो काय, कुणाला कळतंय?" आम्ही त्याला गप्प केलं. "देवाच्या वाटेवर असं बोलू नये." पुढच्या वर्षी पोरगा आला नाही. त्याला उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा येत नव्हतं. मग थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं.

पोरगा खोटं बोलला नव्हता. आळंदी ते पंढरी साधारण 250 किलोमीटर. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर शंभर वर्षांत आपली दिंडी साडेचोवीस हजार किलोमीटर चालली. पृथ्वीचा एक फेरासुद्धा झाला नाही, तो 40 हजारांचा. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपली शंभर वर्षांची वाट त्याला सेकंदाचा बारावा हिस्सा. तोच प्रकाश सूर्यापासून इथं यायला आठ मिनिटांवर घेतो, आणि सूर्यानंतरच्या सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापासून सव्वाचार वर्षं. आपल्या एका आकाशगंगेत तारे किमान दहा हजार कोटी, आणि अशा आकाशगंगा अगणित.

मग तिकडं कुणी असेल का? 1995 साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पहिल्यांदा सापडला. आज असे परके ग्रह पाच हजारांच्या वर मोजलेत. 1960 साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी मोठी रेडिओ दुर्बीण लावून दोन ताऱ्यांकडून कुणाची हाक येते का ते ऐकलं. तेव्हापासून ऐकणं चालू आहे. खात्रीची हाक अजून आलेली नाही. आहे म्हणणाराही अंदाजच करतो, नाही म्हणणाराही. संतांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय, असंही आम्ही म्हणणार नाही. न कळलेलं कळलं म्हणणं, हा माळेचा धर्म नव्हे.

1974 साली माणसानं एका तारकागुच्छाकडे निरोप पाठवला. तो पोचायला 25 हजार वर्षं, उत्तर यायला तेवढीच. पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं, उत्तर आपल्या हयातीत येणार नाही. 1977 साली व्हॉयेजर यान सुटलं. त्याच्यावरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सेकंदाला 17 किलोमीटर पळतंय, तरी प्रकाशाच्या हिशेबानं अजून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर आहे.

हे वाचलं आणि आम्हाला आपली वीणा आठवली. वीणा कुणी खाली ठेवत नाही. एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्यांनी ही दिंडी काढली त्यांनी आजचा मंडप पाहिला नाही, तरी ते चालले. ऐकणाऱ्यांचंही तसंच. एक थकतो, दुसरा कान लावतो.

पोरा, आता तुझं उत्तर. विश्व मोठं आहे म्हणून आपण क्षुल्लक, हा हिशेब आम्हाला पटत नाही. लाखो कोस ओसाड पसरलेले असताना जिथं तहानलेल्याला पाणी देणारा भेटतो, ती जागा क्षुल्लक कशी? दुसरं कुणी नसेल, तर ही एकच वस्ती, ती जपायला हवी. असेल, तर तेही माउलीच. वाटेत भेटला की आपण त्याचं गाव विचारण्याआधी पाया पडतो. त्याच्याही पडू.

तुझ्या आजोबांचा खांदा आता थकलाय. यंदा ये. मुक्कामी ढग फाकले तर आभाळ तू दाखव, आम्ही ऐकतो. या वेळी गप्प करणार नाही.

रामकृष्ण हरी!