जनसंपर्काचे पहिले धडे



मीरा-भाईंदरच्या व्यापारी घरांतील मुले-मुली आता केवळ वाणिज्य शाखेकडे वळत नाहीत. मुंबई विद्यापीठाने 2000 च्या सुमारास माध्यमविषयक पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि जनसंपर्क हा विषय त्यांच्या दप्तरात आला. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र तो ओळखीपाळखी वाढविण्याचा आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणण्याचाच उद्योग वाटतो.

जाहिरातीची जागा विकत घेतलेली असते. तेथे काय छापावे हे पैसे देणारा ठरवितो. प्रसिद्धिपत्रकाला तो अधिकार नाही. संपादक ते छापील किंवा टोपलीत टाकील. म्हणून काय, कोठे, केव्हा, कोणी, कशासाठी, हे पहिल्याच परिच्छेदात सांगण्याचा सराव विद्यार्थ्याला करावा लागतो. आधी चौदा मान्यवरांची नावे आणि रक्तदान किती जणांनी केले ते अखेरच्या ओळीत, ही संस्थांच्या वृत्तांची जुनी खोड आहे. (स्मरणिकाही तिला अपवाद नाहीत!)

याहून कठीण धडा वाईट बातमीचा. ऑक्टोबर 1906 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे दगावली. अपघात दडविण्याकडेच तेव्हा कंपन्यांचा कल असे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे सल्लागार आयव्ही ली यांनी मात्र वृत्तपत्रांना स्वतःहून लेखी माहिती दिली. ताग्याला डाग असेल तर माप घेण्यापूर्वीच तो गिऱ्हाइकापुढे उलगडणारा कापड दुकानदार हेच करीत असतो. मात्र याच ली यांच्यावर 1934 मध्ये जर्मन रसायन उद्योगासाठी केलेल्या कामावरून ठपका आला. विद्यार्थ्याने हे दुसरे प्रकरणही वाचावे; पहिल्याइतकेच ते शिकविते.

भारतात टाटा उद्योगसमूहाने 1943 मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग उभारला. मिनू मसानी यांनी त्याची धुरा वाहिली.

पण शिकण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. सप्टेंबर 2015 मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिकेने पर्युषणकाळात आठ दिवस मांसविक्रीवर बंदी जाहीर केली आणि या शहराचे नाव देशभर वादात सापडले. निर्णयाविषयी कोणाचे मत काहीही असो. विद्यार्थ्याने त्या प्रकरणाकडे पाहताना एक प्रश्न विचारावा. ज्यांच्या आठ दिवसांच्या रोजीचा प्रश्न होता, त्यांच्या दुकानाची पायरी आधी कोण चढले होते? ठरावाने अंमलबजावणी होते, शेजाऱ्याचे मन त्याने वळतेच असे नाही. समाजातील काहींना हा प्रश्न रुचणार नाही, तरी तो टाळता येत नाही.

यासाठी संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. वरघोड्याच्या आठ दिवस आधी त्याने वही घेऊन मार्गावर फिरावे. रिक्षाथांब्यावरचा चालक, ज्याच्या फाटकासमोर मोटारी उभ्या राहतात त्या इमारतीचा चौकीदार, बँडच्या आवाजाने ज्यांचे तान्हे बाळ जागे होते ती माता, मिरवणुकीने ज्याची गाडी अडते तो भाजीवाला, या प्रत्येकाला गेल्या वर्षी काय त्रास झाला ते विचारावे. मध्ये बोलू नये, सबब सांगू नये. उत्तरे जशीच्या तशी उतरवून विश्वस्तांपुढे ठेवावीत आणि त्यानंतरच प्रसिद्धिपत्रक लिहायला बसावे.