सोल्डरिंग आयर्न : वॅट किती, बिट कोणते?



हातात धंदा असावा म्हणून इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना चार शब्द सांगावेत, अशी मंडळाने आज्ञा केली. मी मोठा वक्ता नाही. रोज हातात असणाऱ्या हत्याराबद्दलच बोलतो.

आपल्या जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीच्या मोसंबीला मोटारीचे पाणी लागते, आणि मोटारीला ऑटो स्टार्टर. सुरुवातीच्या काळात अशाच एका स्टार्टरचे कार्ड माझ्या हातून गेले. डाग बसेना, म्हणून २५ वॅटचे आयर्न ठेवून मी ६० वॅटचे घेतले. तांब्याचा ट्रॅकच उखडून आला. ऐन उन्हाळ्यात त्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी चुकली. दोष वॅटचा नव्हताच. माझे बिट सुईसारखे बारीक आणि काळे पडलेले होते.

मित्रांनो, कथील ६० आणि शिसे ४० टक्के असलेले सोल्डर १९० अंशांच्या आत वितळते. बिट ३२० ते ३५० अंश असले की पुरे. प्रश्न असतो तो उष्णता सांध्यात उतरण्याचा. सुईसारखे टोक सांध्याला जेमतेम टेकते. छिन्नीसारखे, दोन-अडीच मिलिमीटर रुंद बिट तार आणि पॅड दोन्हींना एकदम तापवते. दोन-तीन सेकंदांत डाग चकचकीत बसतो. सोल्डर बिटाला नव्हे, तापलेल्या सांध्याला लावावे.

साध्या पीसीबीला २५ ते ३५ वॅट चालते. जाड वायर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यासाठी ६० वॅट घ्यावे. मोबाईलसारख्या नाजूक कामाला तापमान ठरवता येणारे स्टेशन बरे. अर्थिंगची तीन पिनांची वायर मात्र हवीच.

खेड्यात आणखी एक अडचण असते. संध्याकाळी २३० व्होल्टचे १८० झाले, तर साध्या २५ वॅटच्या आयर्नला जेमतेम १५ वॅट मिळतात, कारण वॅट व्होल्टच्या वर्गाने घटतात. म्हणून आयर्नला नावे ठेवण्याआधी मीटर लावून व्होल्टेज पाहा.

बिट घेताना चुंबक जवळ न्या. चिकटले तर तांब्यावर लोखंडाचा मुलामा आहे. त्याला कानस कधीही लावू नका. मुलामा गेला की सोल्डरमधले कथील आतले तांबे खाऊन टाकते. ओल्या स्पंजवर पुसा आणि बंद करण्यापूर्वी टोकावर सोल्डरचा थर ठेवा. साधे तांब्याचे बिट मात्र कानशीने घासून पुन्हा कल्हई करता येते.

शेवटची गोष्ट माता-भगिनींसाठीही आहे. शिसे विषारी आहे आणि ते हातावाटे पोटात जाते. मुलाने काम संपवून साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला ताटावर बसू देऊ नका. धूर राळेचा असतो, तोही छातीला वाईट. खिडकी उघडी ठेवा. लहान लेकरांना त्या टेबलापासून दूर ठेवा.

महागडे हत्यार नसले म्हणून कोणी मागे राहत नाही. एक बरे आयर्न, दोन चांगली बिटे आणि ती जपण्याची सवय एवढ्यावर धंदा सुरू होतो. गिऱ्हाईक विश्वासाने वस्तू आपल्या हाती देते. त्या विश्वासाला डाग लागू देऊ नका, एवढे सांगून मी माझे दोन शब्द संपवतो.