पान लावणं हेही आपलंच काम

(तालुका पातळीवरच्या महिला सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या पुस्तिका-शिबिरात केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण पुस्तिकेच्या मजकुराबद्दल बोलतो आहोत. कायद्याची भाषा सोपी कशी करायची, कोणता प्रसंग घ्यायचा, कोणता गाळायचा. मजकूर पक्का झाला की आपल्याला वाटतं, काम संपलं. मग तो आपण पेन ड्राइव्हवर घालतो, डीटीपीवाल्याकडे देतो आणि सांगतो, 'जरा छान करून द्या.' मला आज या 'छान करून द्या'बद्दलच बोलायचं आहे.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. गट कसा बांधायचा, मुलाखत कशी घ्यायची, नोंद कशी ठेवायची हे सगळं तिथे शिकले. पान कसं लावतात हे कुणी शिकवलं नाही आणि मलाही ते कधी विचारावंसं वाटलं नाही. ते तांत्रिक काम, आपलं नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. ती कशी मोडली ते आधी सांगते.

कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याची माहिती देणारी सोळा पानी पुस्तिका आम्ही २०२२ साली काढली. दोन हजार प्रती. पंधराव्या पानावर आमच्या केंद्राचा मोबाइल नंबर होता. तो ठळक दिसावा म्हणून जांभळ्या पट्टीत मोठ्या आकड्यांत घेतला होता. पट्टी पानाच्या अगदी कडेपर्यंत नेली होती आणि नंबरही कडेला भिडला होता. पडद्यावर फार सुरेख दिसत होतं. पुस्तिका आल्या, गावोगाव वाटल्या.

दोनेक महिन्यांनी एक बाई एसटीने केंद्रावर आल्या. बरोबर लहान मुलगी. आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, तुमचा फोन लागतच न्हाई. चारदा लावला. मला वाटलं, तुम्ही बंद केलं." त्यांनी पोलक्यातून घडी केलेली पुस्तिका काढली. मी नंबर मोजला. नऊ आकडे. दहावा कटिंगमध्ये गेला होता.

त्या बाईंनी त्या रात्री फोन लावला होता. आम्ही जागेच होतो, फोन चालू होता, पण नंबरच अपुरा होता. आपण बायकांना सांगत असतो की बोला, मदत मागा, आम्ही आहोत. तिने मागितली आणि आमचा कागद मुका निघाला.

मी तावातावाने छापखान्यात गेले. मालकांनी शांतपणे आमचीच फाइल उघडून दाखवली. नंबर कडेपासून दीड मिलिमीटरवर होता. ते म्हणाले, "मॅडम, ब्लेड एवढं इकडेतिकडे होतंच. तुम्ही जागा सोडली नव्हती." चूक आमची होती. जवळजवळ सहाशे प्रती वाटून झाल्या होत्या. उरलेल्या चौदाशे प्रतींवर आम्ही दोन दुपारी बसून शेवटचा आकडा पेनने लिहिला. वाटलेल्या सहाशेंचं काय करायचं, याचं उत्तर मात्र आमच्याकडे नव्हतं.

तेव्हापासून मी हे काम शिकले. आज ते तुमच्यापुढे ठेवते. अवघड काहीच नाही. स्वयंपाकघरात मापं सांभाळणाऱ्या कुणालाही जमेल.

पहिली गोष्ट, घडी. मध्ये पिन मारलेली पुस्तिका चाराच्या पटीतच होते. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं. म्हणून आठ, बारा, सोळा, वीस. मजकूर चौदा पानांचा झाला तर दोन पानं कोरी जाणार, हे आधीच धरून चालायचं. ती कोरी पानं नोंदी लिहायला ठेवता येतात. मांडणीला बसण्याआधी चार कोरे कागद एकात एक दुमडा आणि प्रत्येक पानावर आकडा घाला. याला डमी म्हणतात. ती उलगडली की दिसेल, सोळाव्या पानाशेजारी पहिलं आलंय, दुसऱ्याशेजारी पंधरावं. सोळा पानी पुस्तिकेत शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा येते.

इथे एक घोटाळा फार जणींचा होतो. ही उलटसुलट जुळणी करून फाइल छापखान्यात द्यायची नसते. त्यांचा मोठा कागद वेगळा, त्यावरची जुळणी वेगळी, ती ते स्वतः करतात. आपण एक, दोन, तीन अशी सुटी पानं ओळीने द्यायची. आपल्याच कार्यालयातल्या प्रिंटरवर पन्नास प्रती काढायच्या असतील तेव्हा मात्र प्रिंटरमधला 'बुकलेट' पर्याय निवडायचा आणि दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड बाजूवर उलटेल असं सांगायचं. नाहीतर मागची पानं डोकं खाली पाय वर येतात.

दुसरी गोष्ट, कड. ए-फाइव्ह आकाराची पुस्तिका १४८ गुणिले २१० मिलिमीटर असते. रंग किंवा चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर ते कडेबाहेर तीन मिलिमीटर जास्त न्यावं लागतं. याला ब्लीड म्हणतात. म्हणजे फाइलीतलं पान १५४ गुणिले २१६ होतं. तो जादा भाग कापला जाण्यासाठीच असतो. नाहीतर ब्लेड जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. रंग बाहेर न्यायचा, अक्षर मात्र आत ओढायचं. आम्ही आता ठरवलंय, कडेपासून दहा मिलिमीटरच्या आत एकही अक्षर यायचं नाही आणि पिनेच्या बाजूला समास थोडा जास्तच ठेवायचा. शिवाय जाड पुस्तिकेत मधली पानं दुमडताना बाहेर सरकतात आणि त्यांची कड जास्त कापली जाते. म्हणून मदतीचा नंबर कडेला नाही, पानाच्या मध्यावर. आणि एकदा नाही, दोन वेगळ्या पानांवर. त्याबरोबर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा क्रमांकही.

तिसरी गोष्ट, रंग. साडी दुकानातल्या दिव्यात एक दिसते आणि दारात उन्हात आणली की दुसरीच. तसंच हे आहे. संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. त्याला आरजीबी म्हणतात. छापखान्यात प्रकाश नाही, शाई असते. सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे राणी रंगाची, पिवळी आणि काळी. त्याला सीएमवायके म्हणतात. पडद्यावरचे काही झगझगीत रंग या चार शायांतून येतच नाहीत. आपल्या चळवळीचा लाडका जांभळा त्यातलाच. पडद्यावर तो उजळ दिसतो आणि कागदावर शाई सांडल्यासारखा काळपट उतरतो. निळ्याचं उलट होतं. निळी आणि राणी शाई जवळजवळ सारख्या प्रमाणात घेतली की निळा जांभळ्याकडे झुकतो. म्हणून रंग पडद्यावर पाहून नाही, शायांचं प्रमाण आकड्यांत देऊन ठरवायचा आणि छापलेला नमुना उजेडात बघूनच होकार द्यायचा.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते काळं अक्षर. वर्डसारख्या प्रोग्राममधून काढलेल्या फाइलीतला काळा रंग आरजीबीचा असतो. तो बदलताना पुष्कळदा चारही शाया मिळून बनतो. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते, अनुस्वार आणि वेलांट्या बुजतात. नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला असं अक्षर वाचता येत नाही, आणि ती समजते की आपल्यालाच येत नाही. म्हणून मजकूर शंभर टक्के फक्त काळ्या शाईत असला पाहिजे, हे छापखान्याला स्पष्ट सांगायचं आणि फाइलीत तपासून घ्यायचं.

आणि खरं सांगू? आतली पानं एकरंगी ठेवा. एक प्लेट लागते, पैसे वाचतात. आपली पुस्तिका गावात झेरॉक्स होऊन फिरते. फिकट पिवळी अक्षरं झेरॉक्समध्ये उडून जातात आणि गडद पट्टीवरचं काळं अक्षर पट्टीत बुडतं. पांढऱ्यावर काळं, हे दहाव्या झेरॉक्सलाही टिकतं.

चौथी गोष्ट, आपली लिपी. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की भलतीच चिन्हं दिसतात, हे तुम्ही पाहिलं असेल. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच करा. इनडिझाइन वापरणाऱ्याला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू आहे का, एवढं विचारा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात. स्क्रायबस हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसते. पीडीएफ करताना फाँट त्यातच बांधले गेले पाहिजेत. छापखान्यासाठी पीडीएफ/एक्स नावाचा प्रकार असतो. त्यातल्या एक्स-१ए प्रकारात फाँट आत बांधलेले असावेच लागतात आणि रंग शायांच्या भाषेतच असावे लागतात. आपल्या छापखान्याला कोणता प्रकार हवा ते आधी विचारून घ्या. आणि शेवटचं मुद्रितशोधन त्या पीडीएफवर करा, वर्डच्या फाइलीवर नाही. 'साऱ्या', 'अर्ज', 'हक्क', 'स्त्री' हे शब्द मुद्दाम शोधून बघा.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की लहान होतात. एका इंचात तीनशे ठिपके धरले तर ए-फाइव्ह पानाच्या पूर्ण रुंदीला साधारण साडेसतराशे ठिपके लागतात. म्हणून फोटो मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगायचं.

पाचवी गोष्ट सगळ्यांत जपण्याची. एकदा आम्ही तक्रार अर्जाचा नमुना म्हणून एका खऱ्या अर्जाचा मजकूर घेतला. बाईंच्या नावावर काळी पट्टी टाकली. आमच्यातल्या एका मुलीने ती पीडीएफ मोबाइलवर उघडली, पट्टीवर बोट दाबून मजकूर कॉपी केला आणि दुसरीकडे चिकटवला. नाव जसंच्या तसं आलं! काळी पट्टी नुसती वर ठेवलेली असते, खालची अक्षरं जात नाहीत. कापलेल्या फोटोचंही तसंच. कापून टाकलेला चेहरा फाइलीत शिल्लक राहू शकतो. छापलेल्या कागदावर ते दिसलं नसतं, पण आपण तीच पीडीएफ गटागटांत पाठवतो. लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. म्हणून नाव मूळ मजकुरातूनच काढा. फोटो आधी कापा, नवा जतन करा, मग पानात घ्या. आणि फाइलीला बाईचं नाव देऊ नका.

काहीजणी म्हणतील, हे सगळं आपण कशाला करायचं? पैसे दिले की डीटीपीवाला करतो. जरूर त्याच्याकडून करून घ्या. पण काय हवं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे, कारण ते पान कुणाच्या हातात जाणार हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. राजस्थानातल्या पंच्याहत्तर ग्रामीण बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं. दिल्लीच्या 'काली फॉर विमेन'ने ते १९८९ साली प्रकाशित केलं. त्यातली उघड्या शरीराची चित्रं गावात चालेनात. तेव्हा बायकांनीच तोड काढली. चित्रातली बाई अंगभर कपड्यांत, आणि घागऱ्याचा कागद वर उचलला की आतलं शरीर दिसणार. ही पानाचीच रचना होती, आणि ती सुचली वापरणाऱ्या बायकांना. आमच्या त्या बाईंनी पुस्तिका पोलक्यात ठेवली होती. मोठी असती तर ठेवता आली असती का? मुखपृष्ठावर 'नवऱ्याचा छळ' असं मोठ्या अक्षरांत असतं तर घरात टिकली असती का? आकार, रंग, मुखपृष्ठ, हे सगळे तिच्या सुरक्षिततेचे प्रश्न आहेत.

आता आम्ही नवी आवृत्ती करतो आहोत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या दिवसापासूनच्या घटनांना ४९८-अ ऐवजी कलम ८५ आणि ८६ लागतात, म्हणून जुना मजकूर बदलावाच लागला. या वेळी छापखान्यातून आधी एकच प्रत कापून, पिन मारून मागवली. ती केंद्रावर येणाऱ्या बायकांच्या हातात दिली आणि सांगितलं, यातला नंबर तुमच्या मोबाइलवरून लावा. टेबलावरचा फोन वाजला, तेव्हाच आम्ही छपाईला होकार दिला.

तुमच्याही पुस्तिकेचं एवढं एक करा. बाकीचं हळूहळू येईल. समोर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. चार-चार जणींचे गट करा, आधी डमी दुमडायला घेऊ.